आतून कडी

ओळख करून द्यायची तर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. मी दगड आहे. काळा, वरून सपाट, दोन माणसांनी मिळून उचलावा एवढा. पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर जिवाच्या घरामागे माझी जागा. या घरातल्या बाया माझ्यावर बसून आंघोळ करतात. म्हणजे, करायच्या. त्याचीच ही हकिगत.

ज्याच्यावर बसून माणूस डोळे मिटतो आणि डोक्यावर पाणी ओततो, त्याच्याइतकं त्या माणसाला कोण ओळखणार? कोणाच्या टाचा फुटल्यात, कोणाचा गुडघा धरलाय, पाण्याच्या आडून कोण डोळे पुसून घेतं, हे मला ठाऊक असतं. मी कधी कोणाला सांगितलं नाही. दगडाला तेवढं जमतं.

मी जन्मलो खालच्या ओहोळात. तिथं किती पावसाळे काढले याचा हिशेब नाही. पाण्यानं मला घासून घासून सपाट केलं, आणि सपाट झालो म्हणून नजरेत भरलो. दिसायला बरं असलं की उचलून नेतात, हे दगडालाही लागू आहे.

मला उचललं ते जिवानं. त्याचं लग्न ठरलं होतं. तो ओहोळात उभा राहून मित्राला, सुकऱ्याला, म्हणाला, "नवरी येणार. तिला न्हायाला बसाया दगड पायजे."

"हाच घे. बूड चांगलं हाय," सुकऱ्या म्हणाला.

दोघांनी मला वेलीच्या दोरानं सागाच्या दांड्याला बांधलं आणि चढण चढून वर आणलं. सुकऱ्यानं किती घेतलं म्हणाल तर दोन नाचणीच्या भाकरी आणि वर सुकट. दर नाही, ठेका नाही, कागद नाही. त्या वर्षी या घरात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा मीच होतो.

नवरी आली. तिचं नाव सकू. जिवानं माझ्या दोन बाजूंना कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, तिसरीकडे घराची भिंत होती, आणि चौथ्या बाजूला सकूनं जुनं लुगडं बांधलं. झाली न्हाणी. बसलं की आडोसा, उभं राहिलं की खांद्यावरचं सगळं पाड्याला दिसणार. म्हणून सकूनं एक नेम केला. उजाडायच्या आत आंघोळ. थंडी असो, ताप असो, पोटात पोर असो. कावळा बोलायच्या आधी तिचे केस ओले असायचे.

असं चाळीस वर्षं चाललं. लुगडी बदलली, कूड दोन-चारदा बदलला. नेम तोच राहिला. मीही तोच.

मागच्या माघात जिवाच्या मुलाचं लग्न झालं. पंकज त्याचं नाव. तो पावसाळ्यात शेती करतो आणि बाकीचे महिने वसईला स्लॅब भरायच्या कामावर जातो. त्याची हळद माझ्यावरच उतरवली. आठ दिवस माझ्या चिरांमध्ये पिवळं राहिलं होतं.

त्याची बायको प्रतिक्षा, साखरशेतची. बोलायला कमी. पाड्यावरच्या बाया म्हणाल्या, "नवरी मुकी हाय काय गं सकू?" सकू म्हणाली, "मुकी नाय. ऐकते." ते खरं होतं. प्रतिक्षा सगळं ऐकायची, बघायची आणि मनात ठेवायची. तोंडाचा एक कोपरा मात्र कधीकधी हलायचा. तेवढंच तिचं हसणं.

बोलायची ती फक्त माझ्यावर बसून. कारण गंमत अशी, की या घरात मोबाइलला रेंज मिळते ती एकाच जागी. माझ्यापाशी. संध्याकाळी भांडी घासून झाली की ती माझ्यावर बसायची आणि मैत्रिणीला फोन लावायची. ही मैत्रीण म्हणजे सुकी, तिच्याबरोबर जव्हारच्या आश्रमशाळेत होती. फोन जुना, कानाला लावला तर ऐकू यायचा नाही, म्हणून स्पीकर. त्यामुळे मलाही दोन्हीकडचं कळायचं.

"कसंय सासर?" सुकीनं विचारलं.

"चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. सासू तर जेवल्याशिवाय उठू देत नाही."

"मग आवाज असा का?"

"काही नाही गं. आतून कडी नाही."

"कशाला?"

"न्हाणीला."

"न्हाणी तरी हाय का?"

प्रतिक्षानं माझ्याकडे पाहिलं. "दगड आहे," ती म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या की घरातून सकूनं विचारलं, काय झालं म्हणून.

मग ती होस्टेलचं बोलत बसली. आठ पोरींना एक नळ, दार खालून कुजलेलं, पाणी कधी यायचं कधी नाही. "पण आतून कडी होती. कडी लावली की दहा मिनिटं आपली."

दहा मिनिटं आपली. मी चाळीस वर्षं हाच विचार करत होतो, की सकू इतकी घाईघाईनं पाणी का ओतते. मला वाटायचं, तिला थंडी वाजते.

चैत्र संपताना पंकज वसईहून आला तो ठरवूनच. "बाबा, पावसाच्या आत घर पक्कं करू. कूड काढून विटा. वर पत्रे नवे."

जिवाला आवडलं. सकूलाही. प्रतिक्षाला कोणी विचारलं नाही, पण त्या रात्रीच्या भाकरीला तिनं जास्त चटणी वाटली, म्हणजे तिलाही आवडलं.

कामाचा दर विचारायला तीन माणसं बोलवायचं ठरलं. पंकज म्हणाला, वसईत असंच करतात, तीन दर घ्यायचे आणि कमीचा धरायचा. इथपर्यंत ठीक होतं. चूक पुढं झाली, आणि ती अशी चूक होती की घरात कोणालाच ती चूक वाटली नाही.

पहिला आला मधु. आमच्याच पाड्याचा गवंडी, नात्यातला, जिवाला काका म्हणणारा. त्या दिवशी घरी जिवा होता. जिवानं त्याला पुढचा ओटा दाखवला. "इथं दहा माणसं बसायला पायजेत. पाय पसरून." मधुनं टेप काढला नाही. पावलं टाकली, मान वर करून बघितलं, तोंडातली काडी इकडून तिकडं केली आणि म्हणाला, "पावणेदोन, काका. तुमच्यासाठी." कागद नाही, काही नाही.

दुसरा तुळशीदास, जव्हारचा. पांढरा शर्ट, टेप, छापील नावाचा कागद. तो आला तेव्हा पंकज घरी होता. पंकजनं त्याला समोरची भिंत दाखवली, मोठी खिडकी कुठं येईल ते दाखवलं, आणि दारावर एक छोटा स्लॅब, वसईत बघितलेला. तुळशीदासनं सगळं लिहून घेतलं आणि दोन दिवसांनी कागद पाठवला. सव्वादोन लाख.

तिसरा वामन ठेकेदार, मोटारसायकलवरून आला तो मोखाड्याकडून. त्या दिवशी बाप-लेक दोघं लाकडं आणायला गेलेले. त्याला सकूनं दाखवलं, आणि सकूनं काय दाखवावं? बकऱ्यांचं खोपट. "पावसात पिल्लं मरतात. यांना भिंत द्या." वामननं मान हलवली, घराभोवती नजर फिरवली आणि म्हणाला, "सगळं मिळून दीड. मेसेज टाकतो."

म्हणजे बघा. तीन माणसं आली, तीन दर दिले. पण मधुनं दर दिला ओट्याच्या घराचा, तुळशीदासनं खिडकीच्या घराचा आणि वामननं बकऱ्यांच्या घराचा. तीन वेगळी घरं. आणि घरात बाप-लेक बसून तुलना करतायत, की दीड कमी की पावणेदोन.

आणि न्हाणी? ती तिघांच्याही दरात नव्हती. कारण ती कोणी दाखवलीच नाही. दाखवणार कशी? परक्या पुरुषाला घराच्या मागं न्यायची रीत नाही. मागं बायांची जागा. जिथं बाया अंग धुतात ती जागा पाहुण्याला दाखवायची नसते, तिचं नाव काढायचं नसतं. ही रीत बायांची लाज राखायला केलेली. तिच्यामुळेच बायांना भिंत मिळत नव्हती. हे मला दगडाला कळलं. माणसांना कळायला थोडा वेळ लागतो.

वामन आला त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वैशाख लागला होता. विहिरीनं तळ गाठलेला. प्रतिक्षा पहाटेच पाण्याला गेली ती दहाला परत आली, तीन हंडे मिळाले म्हणून खूश. अंग घामानं नि धुळीनं भरलेलं. पुरुष माणसं रानात गेलेली. तिनं विचार केला, आज उजेडात आंघोळ करू. एक बादली घेऊन ती माझ्यावर बसली, लुगड्याचा पडदा नीट केला, अंगाला साबण लावला.

तेवढ्यात पुढं मोटारसायकल वाजली. वामनचा आवाज, सकूचा आवाज. प्रतिक्षा गप्प बसून राहिली. पुढचा माणूस पुढंच राहतो, असा तिचा भरवसा.

पण वामनला फोन करायचा होता. "रेंज कुठं मिळते, मावशी?" असं विचारत तो स्वतःच फोन वर धरून फिरायला लागला. फिरत फिरत तो मागं आला. कुडाच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. त्याची पाठ होती. त्याला काहीही माहीत नव्हतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो.

प्रतिक्षाच्या हातात तांब्या होता, पाण्यानं भरलेला. तो तिनं ओतला नाही. आवाज झाला असता. ती तांब्या तसाच धरून बसली.

वामन फोनवर कोणाशी तरी बोलत होता. "पाया अडीच फूट सांगायचा, दीड खणायचा. खडक लागला बोलायचं. वर सिमेंटचा कोबा झाला की कोण खणून बघतो? हां. म्हणून तर आपला दर कमी बसतो." मग हसला. मग पोरीच्या शाळेचं काहीतरी बोलला. मग हवापाणी. फोन संपेचना.

पुढच्या कोपऱ्यावर सकू उभी होती, हातात बकरीचं दावं. तिला सगळं दिसत होतं. 'तिकडं जाऊ नका, सून न्हातेय,' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते परक्या माणसापुढं तिच्या तोंडून निघेना. चाळीस वर्षांची सवय आड आली.

वामन गेला तेव्हा प्रतिक्षाच्या अंगावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. तिनं तांब्या ओतला. मग बादलीतलं सगळं. रडली नाही. तोंडाचा कोपराही हलला नाही.

रात्री सकूनं प्रतिक्षाच्या ताटात सुकटीचा मोठा वाटा टाकला, एवढंच.

दोन दिवसांनी पंकज म्हणाला, "वामनलाच देऊ. दीडच आहे."

"कशाचे दीड?" प्रतिक्षानं विचारलं.

"घराचे."

"कोणत्या घराचे?"

पंकज हसला. त्याला वाटलं, बायको थट्टा करतेय. "आपल्याला एकच घर हाय ना गं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यापाशी येऊन बसली. ओटीत कायकाय आणलं होतं. खडे, विटेचे तुकडे, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, काड्या, मोहाच्या बिया. माझ्या सपाट पाठीवर तिनं मांडायला सुरुवात केली. मला वाटलं, पोरीचं भातुकलीचं वय अजून सरलं नाही.

सकू शेण टाकून येत होती. थांबली. "काय मांडलंस?"

"तीन घरं मांडलीत, आई. ही रांग मधुभाऊंची. ही जव्हारवाल्यांची. ही वामन ठेकेदारांची. खडा म्हणजे पाया. विटेचा तुकडा म्हणजे भिंत. झाकण म्हणजे पत्रा, काडी म्हणजे दार, बी म्हणजे बकऱ्यांची भिंत."

सकूला वाचता येत नाही. तुळशीदासचा छापील कागद तिनं हातात धरला होता तो उलटा. पण ती खाली बसली आणि एका दमात माझी पाठ वाचून काढली.

"मधुच्या रांगेत काड्या नायत."

"दारं त्यांनी धरलीच नाहीत. जुनीच लावणार."

"जव्हारवाल्याकडे बिया नायत."

"बकऱ्या त्यांना दाखवल्याच नाहीत."

"वामनचं सगळं हाय की." सकू जवळ वाकली. "पण खडा बारीक ठेवलास."

"त्यांचा पाया बारीकच आहे. फोनवर बोलताना मी ऐकलं," प्रतिक्षा म्हणाली. कधी ऐकलं हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सकूनं हात लांब केला. कुडाच्या फटीत साबणाचा झिजलेला तुकडा खोचलेला असतो, तो काढला आणि माझ्या पाठीवर ठेवला. पहिल्या रांगेपुढं धरून बघितला, दुसऱ्या, तिसऱ्या. कुठंच त्याची जागा नव्हती. शेवटी तिन्ही रांगांच्या बाहेर, कडेला ठेवून दिला.

"ही कोणी धरली नाय," ती म्हणाली.

"नाही."

"तुला पायजे?"

"तुम्हाला नको, आई?"

सकूचा तळवा माझ्यावर होता. चाळीस वर्षं तिचा भार सोसला, पण तिचा तळवा असा कधी टेकला नव्हता.

काम कोणाला द्यायचं ते ठरवायला रविवारी जिवानं तिघांनाही एकाच वेळी बोलावलं. तुळशीदास ओट्यावर बाकीच्या दोघांना बघून चपापला. "असं नसतं हो. दर बंद पाकिटात द्यायचा असतो."

"आमच्यात पाकीट नसतं," जिवा म्हणाला. "लगीन पण ओट्यावर बसून ठरवतो. सगळ्यांसमोर. बसा, चहा घ्या."

चहा झाला. पंकज बोलायला लागला, की दर तर तिघांचे आलेत, आता... आणि तेवढ्यात घरामागून आवाज आला. धाड. मग घासल्याचा. मग परत धाड.

तो आवाज माझा होता.

सकू आणि प्रतिक्षा पहारीनं मला उपटत होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी जागचा हललो. माझ्या पोटाखाली ओल होती, चिखल होता, गांडुळं होती. ऊन माझ्या पोटाला लागलं तेव्हा मला लाजच वाटली. दोघी मला उलथवत होत्या, एक कुशी, मग दुसरी कुशी, बकऱ्यांच्या खोपटाच्या बाजूनं, तुळशीला वळसा घालून, थेट पुढच्या अंगणात. शेवटची कूस घेऊन मी पडलो तो ओट्यासमोर, चिखलाचं पोट वर करून.

ओट्यावरचे सगळे माना काढून बघायला लागले.

"हे काय?" जिवा उठला.

सकू धापा टाकत होती. पदर कमरेला, हात चिखलानं भरलेले. "न्हाणी हाय," ती म्हणाली. "पाव्हण्यांना मागं नेता येत नाय. म्हणून इथं आणली. मोजा."

"अगं, घरातली गोष्ट अशी बाहेर आणतात?"

"घरातली?" सकू म्हणाली. "ही घरात होती कवा? चाळीस वर्षं बाहेरच हाय."

जिवा बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्याला ओहोळ आठवला असावा, आणि सुकऱ्याचा दांडा. मी त्यानंच आणलेला होतो. पुढचं आणायचं मात्र राहून गेलं होतं.

प्रतिक्षा दाराआड गेली आणि शाळेची वही घेऊन आली. तिघांसाठी तिनं तीन पानं लिहून ठेवली होती. तिन्हींवर सारखंच. पाया अडीच फूट. भिंती एवढ्या. पत्रे एवढे. दारं किती. ओटा केवढा. आणि शेवटी न्हाणी, विटांची, दार, आतून कडी. तिनं पानं पंकजच्या हातात दिली. पंकजनं वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर त्याचा अंगठा थांबला.

"मला का नाही सांगितलंस?" तो हळूच म्हणाला.

"आता सांगितलं," ती म्हणाली.

त्यानं पानं वाटली. "सगळ्यांनी याच्यावर दर द्या. एकाच घराचा."

तुळशीदासनं पान वाचून मान हलवली. "यादी चांगली केलीय. पण एवढं सगळं धरलं तर माझा दर अडीचच्या पुढं जाईल. तुम्हाला झेपणार नाही, मी उगाच कशाला सांगू?" कपातला उरलेला चहा पिऊन तो उठला. माणूस सरळ होता. जाताना माझ्या बाजूनं गेला, माझ्यावरून नाही.

वामननं पान वाचलंच नाही. "न्हाणी धरून पण दीडच. वहिनी, तुमच्यासाठी."

"बरं," प्रतिक्षा म्हणाली. आवाज एवढा हळू की जिवाला पुढं वाकावं लागलं. "फक्त एक ओळ लिहा. पाया खणला की भरायच्या आधी आम्ही काठी घालून बघणार."

वामन थांबला. "वहिनी, विश्वास पायजे माणसावर."

"विश्वास आहे. काठी फक्त बघणार."

"खाली खडक लागला तर?"

"तर काठीला पण लागेल."

मधुच्या तोंडातली काडी खाली पडली, एवढा तो हसला. वामननं हेल्मेट हातात घेतलं. काठी घालायची असेल तर दर परत बघावा लागेल, असं म्हणत तो मोटारसायकलवर बसला. बघून सांगतो म्हणाला. अजून बघतोय.

राहिला मधु. तो दराचं काही बोललाच नाही. माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला आणि माझ्या पोटाला हात लावला. चिखल बोटांत चोळून बघितला. "काका, इतकी वर्षं न्हाणीचं पाणी मागच्या भिंतीखाली मुरतंय. जमीन भुसभुशीत झालीय तिथं. मागचा पाया अडीचचा नाय चालणार, तीन लागल. आणि नव्या न्हाणीचं पाणी कुठं काढणार? चर मारून केळीला नेऊ."

तिघांनी घर बघितलं होतं, पण पाणी कुठं जाणार हे विचारणारा हा एकच. आणि त्यालाही ते माझं पोट बघितल्यावर सुचलं. मला पुढं आणलं नसतं तर त्याची ती भिंत दोन पावसाळ्यांत बसली असती.

"तुझा दर?" पंकजनं विचारलं.

मधुनं डोकं खाजवलं. "सगळं धरलं तर दोन."

तेवढे नव्हते. मग ओट्यावरच ओढाताण झाली. पंकजनं दारावरचा स्लॅब सोडला. सकूनं बकऱ्यांची भिंत पुढच्या वर्षावर टाकली, जुनेच पत्रे आडवे लावू म्हणाली. शेवटी जिवा म्हणाला, "ओटा दोन हात कमी कर. दहा माणसं कशाला पायजेत? येतो कोण? हा मधुच येतो."

पावणेदोनला जमलं.

"आता लिहून दे," सकू म्हणाली.

मधुला ते लागलं. "काकी, घरातल्या घरात कागद? मी परका हाय?"

"परका असतास तर वामनसारखा गेला असतास. घरातला हायस म्हणून लिहून दे. उद्या भांडण झालं तर कागदाशी भांडू. तुझ्याशी कशाला?"

प्रतिक्षानं लिहिलं, मधुनं सही केली. काठीची ओळ त्यानं स्वतःच घालायला सांगितली. "काठी घाला, पहार घाला, काय पायजे ते घाला," म्हणाला, आणि परत हसायला लागला.

रोहिणी नक्षत्रात पाया खणला. भरायच्या आधी प्रतिक्षानं काठी घातली, दोन्ही टोकांना. पुढं अडीच होता. मागं तीनला चार बोटं कमी. मधुनं मुकाट्यानं परत खणलं.

पाऊस आला तेव्हा न्हाणी उभी होती. विटांची, वर पत्रा, आत कोबा, लाकडी दार. कडी बसवायला मधुनं दोन मिनिटं घेतली. ती दोन मिनिटं बघायला सासू-सून दोघी कामं सोडून उभ्या होत्या.

माझं काय करायचं, हा प्रश्न आला. आत कोबा झाला होता, बसायला आता पाट होता. मधु म्हणाला, दगड फोडून चरीत टाकू. जिवा म्हणाला, "त्याला हात लावू नको. मी आणलाय." मग मला न्हाणीच्या दाराबाहेर पायरी म्हणून बसवलं. पोट परत खाली, जमिनीत. बरं वाटलं.

आता माझ्यावर कोणी बसत नाही. आत जाताना चपला काढतात, बाहेर येताना ओला पाय टेकतात. मला आतलं काही दिसत नाही. चाळीस वर्षं सगळं बघितलं, आता न दिसण्यात एक सुख आहे, ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

पहिल्या दिवशी प्रतिक्षा आत गेली. कडी लागली. खट. मग बराच वेळ पाण्याचा आवाजच नाही. मला वाटलं, काय झालं? मग कळलं. ती नुसतीच उभी होती.

तुमच्या घराचं काम निघालं, चार जणांकडून दर घेतले, तर दर बघण्याआधी एवढं करा. तो चारही जणांनी एकाच घराचा दिलाय ना, ते बघा. आणि माप घ्यायला माणूस आला की त्याला पुढचा ओटा मागाहून दाखवा. आधी मागं न्या. जिथं न्यायची लाज वाटते, तिथलंच काम राहिलेलं असतं.

एवढं बोलून मी थांबतो, कारण आता दुपार झालीय आणि सकू येतेय. हो, दुपारी. उजाडायच्या आत आंघोळ करणारी सकू हल्ली जेवणं झाल्यावर, भर उजेडात, टॉवेल खांद्यावर टाकून येते. माझ्यावर पाय ठेवते. आत जाते. खट.

पाणी तेवढंच, एक बादली. पण अर्धा तास होतो तरी दार उघडत नाही. आतून गुणगुणल्याचा आवाज येतो. लग्नातलं कसलंसं गाणं, शब्द अर्धे विसरलेले.

बाहेर प्रतिक्षा बादली घेऊन उभी असते. "आई, झालं का?"

"थांब गं," आतून आवाज येतो. "घाई कोणाला हाय?"